भांडण दिसतं, समेट दिसत नाही

वाचकाचं पत्र

आमचा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे आणि मुलगी तीन वर्षांची. गेल्या काही महिन्यांपासून मुलाकडे बघताना आम्ही दोघंच समोर उभे आहोत असं वाटतं, आणि ते बघून बरं वाटत नाही. हाक मारली की मान वर न करता "एक मिनिट" म्हणतो. जेवताना मोबाइल नसेल तर ताट पुढे ढकलतो. टीव्ही बघताना नखं खातो, अगदी बाबांसारखी. परवा धाकटीकडून रंगीत खडू सांडले, तर कमरेवर हात ठेवून तिच्यावर ओरडला, "किती वेळा सांगायचं तुला? एकदा सांगून कळत नाही का?" शब्द माझे, सूरही माझाच. मागच्या आठवड्यात माझा फोन वाजला, तर यानेच उचलला आणि "आई अंघोळीला गेलीय" असं सांगून ठेवून दिला. मी शेजारीच बसले होते. रागावून झालं, मोबाइल काढून घेऊन झालं, फरक नाही. नवरा म्हणतो, "आम्हीही असेच वाढलो, काय बिघडलं?" मला सगळंच एकदम बदलावंसं वाटतंय. सुरुवात कुठून करू?

ता. क. : काल नखांवरून टोकलं तर म्हणाला, "बाबा पण तर खातात." यावर काय बोलायचं असतं?

उत्तर

सगळं एकदम बदलायला जाऊ नका, हे आधी सांगतो. पाच सवयी एका सोमवारी हातात घेतल्या तर गुरुवारपर्यंत पाचही हातातून सुटतात. त्यातून मुलगा सहावी गोष्ट शिकतो, ती अशी की या घरात नियम येतात आणि जातात, चार दिवस कळ काढली की झालं.

मुलं मोठ्यांचं बघून शिकतात हे कुणाला नवीन नाही. पण ती किती बारकाईने उचलतात याचा अंदाज सहसा नसतो. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांचा 2005 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. एका पेटीतून बक्षीस कसं काढायचं हे मोठ्या माणसाने करून दाखवायचं, आणि ते करताना मुद्दाम काही निरुपयोगी कृतीही करायच्या, म्हणजे काडीने पेटीवर ठोकणं वगैरे. पेटी पारदर्शक असली, म्हणजे ठोकण्याचा काही उपयोग नाही हे उघड दिसलं, की चिंपांझींनी तो भाग वगळला आणि सरळ बक्षीस काढलं. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र ठोकण्यासकट सगळं केलं. माणसाचं पिल्लू "मोठा करतोय म्हणजे काहीतरी कारण असेल" असं धरून चालतं. भाषा, चालीरीती, हातकाम, सगळं पुढच्या पिढीकडे याच वाटेने जातं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. तुमच्या मुलाने ओरडताना कमरेवर हात ठेवले ते याच हिशेबाने. ओरडणं वेगळं आणि हात वेगळे, असं त्याच्या लेखी नाही. तो एकच कार्यक्रम आहे.

दुसरा प्रयोग 2002 सालचा आहे आणि तो तुमच्या जास्त कामाचा आहे. ग्योर्गी गेर्गेली आणि सहकाऱ्यांनी 14 महिन्यांच्या बाळांसमोर एका बाईला कपाळ टेकवून दिवा लावायला सांगितलं. तिचे हात मोकळे असताना तिने असं केलेलं ज्यांनी पाहिलं, त्यातल्या बहुतेक बाळांनी नंतर तसंच कपाळ टेकवलं. पण अंगाभोवतीचं पांघरूण धरण्यात तिचे हात गुंतलेले असले, तर बहुतेकांनी सरळ हाताने दिवा लावला. बाईंना हात मोकळे नव्हते, आपल्याला आहेत, एवढा विचार बोलताही न येणाऱ्या बाळाने केला. मोठ्या माणसाच्या वागण्यामागचं कारण दिसलं तर मूल ते वागणं आंधळेपणाने उचलत नाही. हे लक्षात ठेवा, मोबाइलच्या वेळी लागेल.

आता तुमच्या पत्रात काय नाही ते सांगतो. मुलाने तुमच्याकडून उचललेली एकही चांगली सवय त्यात नाही. तुमच्याकडे तशा सवयी नाहीत म्हणून नव्हे. त्या मुलाच्या नजरेआड घडतात म्हणून. रात्री तुम्ही दात घासता तेव्हा मुलं झोपलेली असतात. व्यायाम करत असाल तर तो ती शाळेत गेल्यावर. पुस्तक वाचत असाल तर बहुधा मोबाइलवर, आणि मुलाला पुस्तक दिसत नाही, मोबाइल दिसतो. नवरा-बायकोत खटका उडतो तो भरल्या घरात, आणि दिलजमाई होते रात्री, दार लावून. म्हणजे भांडण कसं करायचं हे मुलाने शंभरदा पाहिलं आणि मिटवायचं कसं हे एकदाही नाही. मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञाने आई-वडिलांमधल्या भांडणांचा मुलांवर होणारा परिणाम बरीच वर्षं अभ्यासला. मुलांसमोर खरोखर मिटलेलं भांडण त्यांना बरंच कमी बोचतं, लटकत राहिलेलं जास्त, हे त्यात ठळकपणे दिसतं. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, म्हणतात. तुमच्या आडात पाणी आहे, पोहरा चुकीच्या वेळी सोडला जातोय.

म्हणून पहिले चार दिवस काहीच बदलू नका. एक वही घ्या, पानाचे दोन भाग करा. डावीकडे मुलाचं काय खटकलं, किती वाजता, त्याच्या आधी काय चाललं होतं. उजवीकडे तेच घरातलं मोठं माणूस कधी करतं. शब्द जसेच्या तसे लिहा. "उद्धटपणे बोलला" असं लिहिलं तर काही हाती लागत नाही. "मान खाली, 'एक मिनिट', मग सात मिनिटं हललाच नाही" असं लिहिलं की लागतं. उजवी बाजू लिहिताना हात जड होतो, ते ठीक आहे. ही वही नवऱ्याला पुरावा म्हणून दाखवायची नाही, नाहीतर चौथ्या दिवशी वहीवरूनच भांडण होईल.

वही भरेपर्यंत एक गोष्ट मात्र आजपासून बंद करता येते. "सांग, आई अंघोळीला गेलीय" हे पुन्हा मुलाच्या तोंडी घालू नका. कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात (2014, चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर) ज्या शाळकरी मुलांशी मोठं माणूस आधी खोटं बोललं होतं, ती मुलं पुढच्या खेळात जास्त वेळा चोरून बघत होती आणि विचारल्यावर जास्त वेळा खोटंही बोलत होती. फोन घ्यायचा नसेल तर तो वाजू द्या आणि मोठ्याने म्हणा, "आत्ता बोलायचं नाहीये, नंतर करते." मुलानेच उचलला तर त्याने म्हणायचं वाक्य ठरवून द्या : "आई आत्ता बोलू शकत नाही, नंतर फोन करेल." तेवढंच खरं आहे आणि तेवढंच पुरतं.

वही भरल्यावर एक सवय निवडायची. आम्ही "एक मिनिट" निवडू. एक तर ती पूर्ण तुमच्या हातात आहे, नवऱ्याच्या होकारावर अडत नाही. आणि ती दिवसातून पंधरा-वीस वेळा घडते. जी गोष्ट दिवसातून वीसदा होते तिचा सराव आठवड्यात दीडशेच्या घरात जातो. आठवड्यातून एकदा घडणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात केली तर वर्ष उलटेल.

"एक मिनिट" या शब्दात खोट काय आहे? मुलाने तो घड्याळावरून शिकलेला नाही, तुमच्यावरून शिकला आहे. तुम्ही "एक मिनिट" म्हणता आणि दहा मिनिटांनी येता, कधी येतच नाही. त्याच्या शब्दकोशात "एक मिनिट" म्हणजे "आत्ता नाही, आणि पुन्हा विचारू नकोस." तो शब्द अगदी बरोबर वापरतोय. म्हणून हा शब्दच घरातून काढा. त्या जागी कामाचा शेवट सांगा : "एवढी ओळ लिहिते, मग येते", "हे भांडं विसळते, मग बघते." ओळ संपली की उठायचंच, दुसरी ओळ सुरू करायची नाही. खरंच वेळ लागणार असेल तर तसं सांगा : "हे अर्धा तास चालणार आहे, मोठा काटा सहावर आला की ये." पहिल्या आठवड्यात तुम्ही हे चार-पाचदा विसराल. विसरलात की लगेच दुरुस्त करा : "'एक मिनिट' म्हणाले ना मी? म्हणजे हे पाकीट बंद करेपर्यंत."

त्याची दुसरी बाजू म्हणजे हाक. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून दिलेली सूचना ही "एक मिनिट"ची आई आहे. आपण तीनदा साध्या आवाजात सांगतो, चौथ्यांदा चढ्या आवाजात, आणि हलतं ते मूल चौथ्या हाकेला. पहिल्या तीन हाका मोजायच्या नसतात हे आपणच शिकवलेलं असतं. त्याऐवजी असं करा. उठा. मुलापासून हातभर अंतरावर जा. त्याच्या उंचीवर या, खाली बसा किंवा वाका. नाव घ्या आणि तो बघेपर्यंत थांबा. मग एकच सूचना, छोटी, "नको" नसलेली : "बूट खणात ठेव." यानंतर मनातल्या मनात पाच आकडे मोजेपर्यंत एक अक्षरही बोलायचं नाही. हे पाच सेकंद सगळ्यात कठीण जातात आणि बहुतेकांचं इथेच घसरतं. खेळातून लक्ष काढायचं, ऐकलेलं समजून घ्यायचं, मग अंग हलवायचं, याला साडेसहा वर्षांच्या मुलाला वेळ लागतो. तिसऱ्या सेकंदाला आपण "ऐकू येतंय का?" म्हटलं की त्याची गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर. पाच सेकंदांनंतरही हलला नाही तर तेच वाक्य त्याच शब्दांत एकदा, आणि मग त्याच्यासोबत उठून ते करून घ्यायचं. यात उठण्याचे कष्ट आहेत, हे मान्य. पण आठवडाभरात तुमच्याच लक्षात येईल, की रोजच्या सूचनांपैकी निम्म्या देण्यासारख्या नव्हत्याच. उठून जावं लागलं की आपोआप कमी दिल्या जातात.

बूट हा शब्द आलाच आहे तर, घरात आल्यावर मोठ्यांचे बूट कुठे पडतात ते एकदा बघा. मुलाच्या हाताला पोचेल असा खण आणि त्याच्या खांद्याच्या उंचीवर दप्तराची खुंटी असेल तर या विषयावर बोलावंच लागत नाही.

जेवताना मोबाइल. इथे क्रम उलटा लावायचा : आधी मोठे, मग मुलं, आणि मग नियम. पहिले दहा दिवस काहीही जाहीर करू नका. तुम्ही दोघं (किंवा तुम्ही एकट्या, तेही चालेल) जेवायला बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या, आवाज चालू ठेवून. खिशात नाही, ताटाशेजारी उपडाही नाही. उपडा ठेवलेला फोन म्हणजे "थांब, मी लगेच येतो" असं सांगून बसलेला पाहुणा. जेवताना घ्यायलाच हवा असा फोन आला तर मोठ्याने कारण सांगा : "कामावरचा आहे, घ्यायला हवा," आणि उठून बाहेर जा. बोलणं झालं की फोन तिथेच ठेवून परत या. पांघरुणातली बाई आठवा. कारण दिसलं की मूल ती कृती "जेवताना करायची गोष्ट" म्हणून उचलत नाही. एरवीसुद्धा हातात फोन घेताना कशासाठी ते बोलून टाका : "वीजबिल भरतेय", "मावशीला कळवतेय." मुलाच्या बाजूने बघितलं तर बिल भरणारी आई, बातम्या वाचणारी आई आणि उगाच स्क्रीन सरकवत बसलेली आई, तिघी हुबेहूब सारख्याच दिसतात. याचा एक आगाऊ फायदाही आहे. "मी आता उगाच स्क्रीन सरकवतेय" हे वाक्य मोठ्याने म्हणवत नाही, आणि फोन आपोआप खाली जातो.

दहा दिवसांनी मुलाचा मोबाइल ताटावरून काढा. ठरावीक जेवणापासून, समजा रात्रीच्या, आणि सकाळीच सांगून. ताट समोर आल्यावर सांगितलेला नियम म्हणजे भांडणाचं आमंत्रण. तो ताट ढकलेल. पहिल्या तीन-चार दिवसांत हे कमी न होता वाढेल, आवाजही वाढेल. आजवर जे हमखास मिळत होतं ते मिळेना झालं की मूल आधी जोर वाढवून बघतं. बटण दाबून लिफ्ट आली नाही की आपणही तेच बटण दहादा दाबतो, तसंच. या टप्प्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या दिवशी, "जाऊ दे, आजच्या दिवस" म्हणून मोबाइल दिला तर तो पक्कं शिकेल की तीन दिवस ताणायचं असतं. द्यायचाच असेल तर पहिल्या मिनिटाला द्या, रडल्यावर नको. ताट पंचवीस-तीस मिनिटं ठेवा, मग न बोलता उचला. पुढचं खाणं नेहमीच्या वेळेला. धडधाकट मूल एका वेळचं कमी जेवलं तर बिघडत नाही. वजन वाढत नसेल किंवा आजारपण असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारून करा. धाकटीला स्क्रीनसमोर भरवत असाल तर तेही याच वेळी थांबवा, कारण नजर स्क्रीनवर असली की पोट भरल्याचं लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे तिच्या वयाला दिवसभरात एक तासाच्या वर स्क्रीन नको, आणि कमी असेल तेवढं बरं. जेवणातच अर्धा तास गेला तर हिशेब कसा बसणार?

आता ओरडणं. तुम्ही यापुढे कधीच ओरडणार नाही असा संकल्प करू नका, तो पाळला जात नाही. ओरडण्याच्या पुढचा भाग मुलांसमोर आणा, म्हणजे माफी. ती कशी मागायची याला पद्धत आहे आणि एक मोठा खड्डाही आहे. त्याच दिवशी मागा, राग उतरल्यावर, पण झोपायच्या आधी. मुलाजवळ बसा. चार वाक्यं पुरतात : "मघाशी खडू सांडले तेव्हा मी ओरडले. तू दचकलास. माझं चुकलं. पुढच्या वेळी मी आधी दूर जाऊन पाणी पिईन, मग बोलेन." काय केलं, तुझ्यावर काय परिणाम झाला, चूक कुणाची, पुढे काय करणार. पाचवं वाक्य नको. कारण पाचवं वाक्य हमखास "पण"ने सुरू होतं : "पण तूही ऐकत नाहीस ना." इथे माफी संपते आणि आरोप सुरू होतो. मूल मग बहिणीची माफीही तशीच मागतं : "सॉरी, पण तूच सांडलेस." माफी मागून झाल्यावर "मग आता आईवर रागावला नाहीस ना?" असंही विचारू नका. आपली समजूत काढायचं काम त्याच्यावर येतं. आणि पुढच्या वेळी खरंच पाणी प्यायला जा, त्याला दिसेल असं. नवऱ्याशी खटका उडाला तर मिटवण्याची शेवटची दोन वाक्यं तरी मुलांसमोर बोला. खोटी नकोत, मुलांना ओढूनताणून आणलेलं हसू कळतं. "मघाशी मी तोडून बोलले. उद्या बसून ठरवू" एवढंही चालतं.

तो धाकटीवर ओरडेल तेव्हा "असं बोलतात का बहिणीशी?" हे लांबून ओरडून सांगणं किती विनोदी आहे, हे तुम्हाला आता वेगळं सांगायला नको. जवळ जा, आधी धाकटीकडे बघा, मग त्याला वाक्य द्या : "तिला म्हण, 'खडू उचलायला ये, मी पण उचलतो.'" त्याच्याकडे रागाच्या वेळी वापरायला एकच वाक्य आहे, तुमचं. दुसरं दिल्याशिवाय पहिलं जाणार नाही.

रागावून आणि वस्तू काढून घेऊन फरक का पडला नाही, याचं उत्तर अल्बर्ट बांडुरांच्या 1965 च्या प्रयोगात सापडतं. बाहुलीला मारणाऱ्या माणसाला शिक्षा झालेली पाहिलेल्या मुलांनी नंतर त्याची नक्कल कमी केली. पण "त्याने काय केलं ते करून दाखव, बक्षीस देतो" म्हटल्यावर त्यांनीही इतर मुलांइतकंच करून दाखवलं. शिकणं झालेलंच होतं, शिक्षेच्या भीतीने ते फक्त दडलं होतं. घरी दडलेलं शाळेत बाहेर येतं, किंवा तुमची पाठ वळल्यावर.

नखं खाण्याबद्दल थोडं सबुरीने घ्या. ते सगळं बाबांकडे बघूनच आलं असं म्हणता येत नाही. कंटाळा, ताण आणि काही प्रमाणात घराण्याचा कल हेही त्यात असतात. टोकणं मात्र इथे सर्वात निरुपयोगी. "हात काढ" म्हटलं की हात निघतो, दोन मिनिटांनी परत जातो, आणि ती सवय सांभाळायचं काम तुमच्याकडे येतं. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी 1973 मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते, आणि ती बाबा आणि मुलगा दोघांनी मिळून करण्यासारखी आहे. आधी दोघांनी हात तोंडाकडे कधी जातो ते हेरायचं. बहुधा टीव्ही, गृहपाठ, गाडीतला प्रवास. मग हात निघाल्याचं कळताच दोन्ही मुठी हलक्या आवळून मांडीवर ठेवायच्या, बाबांनी तीन मिनिटं, मुलाला एक मिनिट पुरे. मूठ वळलेली असताना नख खाता येत नाही, एवढीच त्यातली युक्ती. सोबत नखांची निगा हवी, कारण बऱ्याचदा सुरुवात होते ती खडबडीत टोकापासून. बोटाला ते लागलं की दात त्याला सपाट करायला धावतात. दर चार-पाच दिवसांनी नखं कापा, कडा नेलफाइलने घासा, निघालेली सालं ओढू नका, कात्रीने कापा आणि रात्री पेट्रोलियम जेली चोळा. कडू लेप लावला तर आठवण करून देण्यापुरता उपयोगी पडतो, एकटा पुरत नाही. नखाच्या कडेला लाली, सूज, पू दिसला तर ते नखुरडं आहे, डॉक्टरांना दाखवा.

नवऱ्याच्या "आम्हीही असेच वाढलो" या वाक्याशी वाद घालू नका. ते वाक्य बहुतेक वेळा स्वतःच्या आई-वडिलांची बाजू घेण्यासाठी बोललेलं असतं, आणि तिथे तुम्ही जिंकलात तरी हरता. त्यांच्याकडे एकच काम मागा, नेमकं आणि वेळ ठरलेलं : रात्री मुलांसोबत उभं राहून स्वतःचे दात घासणं. दोन मिनिटं. मुलग्याला वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षं पूर्ण झालेल्या धाकटीलाही तेवढीच, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी. आधी मुलांनी स्वतः घासायचं, मग बाबांनी मागच्या दाढांवरून एकदा ब्रश फिरवायचा, कारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात तिथे नीट पोचत नाही. शेवटी थुंकायचं, भरपूर पाण्याने खळखळून पेस्ट धुऊन काढायची नाही. "मुलांकडे लक्ष द्या" हे कुणालाही करता येत नाही, दोन मिनिटं ब्रश धरणं येतं. आरशात तीन तोंडं फेसाने भरलेली दिसली की बाकीचं मुलं बघून घेतात.

किती दिवस लागतील? "21 दिवसांत सवय" हे सगळीकडे ऐकू येतं, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 प्रौढांच्या नव्या सवयी तपासल्या (2010). सवय अंगवळणी पडायला मध्यम मानाने 66 दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा 18 पासून 254 पर्यंत गेला. त्याच अभ्यासातली दिलासा देणारी बाब अशी, की मधला एखादा दिवस चुकल्याने विशेष नुकसान होत नाही. म्हणून एका सवयीला कमीत कमी आठ-नऊ आठवडे द्या. "एक मिनिट" आणि हाक यांच्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, ते थोडं रुळल्यावर, जेवण घ्या. नखं बाबांच्या तयारीवर सोडा. दात घासणं मात्र आज रात्रीपासून.

आता ता. क. "बाबा पण तर खातात" हे उद्धट उत्तर नाही, बरोबर निरीक्षण आहे. "बाबा मोठे आहेत" म्हटलं तर मोठं झाल्यावर नखं खायला मिळतात, असा अर्थ निघतो. "उलट बोलू नकोस" म्हटलं तर बघितलेलं बोलायचं नसतं, असा. बाबांनी स्वतः म्हणावं : "हो, खातो. लहानपणापासून खातो, सोडायला जड जातंय. दोघं मिळून सोडू या का?" तुम्ही त्यांच्या वतीने हे बोलू नका. आणि एक खूण ठरवा : एकाचा हात तोंडाकडे गेला की दुसऱ्याने बोलायचं नाही, फक्त स्वतःची मूठ वर करून दाखवायची. बाबांनी मुलाला आणि मुलाने बाबांना, दोन्हीकडून. पाहुण्यांसमोर नाही, आणि चुका मोजायच्या नाहीत, नाहीतर दोन दिवसांत घरात पहारेकरी तयार होईल. पहिले काही दिवस मुलगा दर दहा मिनिटांनी मूठ उगारेल, बाबांचा हात कानाशी गेला तरीही. तेव्हा बाबांनी चिडायचं नाही, एवढं मात्र त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.